पाण्याचा अंदाज

गोदूबाई ओरडल्या तेव्हा मालूचा उजवा हात अजून बादलीतच होता. हात मनगटापर्यंत बुडवायचा, बोटं जराशी हलवायची आणि पाण्याचा अंदाज घ्यायचा, हे गेली तीन वर्षं रोज सकाळचं. आजही हातानं नेहमीसारखंच सांगितलं होतं, की पाणी बेतानं गरम आहे, घाल बिनधास्त. तिनं घातलं. डाव्या हातातला तांब्या गोदूबाईंच्या धड पायावर रिकामा झाला, आणि एकोणनव्वद वर्षांची ती म्हातारी, जिच्या तोंडून अर्धांगाच्या झटक्यानंतर एक 'बरं' सोडून दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता, जीव पिळवटून ओरडली. एरवी भूक लागली तरी बरं, अंथरूण ओलं झालं तरी बरं, पुण्याहून नातवाचा फोन आला तरी बरंच. आज नुसता आवाज, शब्दाचं नाव नाही. मालूनं खाली पाहिलं, तर नडगीवर तळहाताएवढा लाल पट्टा उमटत होता. मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तोही मनगटापर्यंत लालबुंद झाला होता, आणि तिला त्याची खबरच नव्हती. तिनं घाईनं गार पाण्याचा नळ सोडला, पाय त्याखाली धरला, तोंडानं 'झालं हां आजी, झालं, झालं' चालू. जानेवारीतलं पाणी ते, गोदूबाई थरथरल्या, हळूहळू शांत झाल्या आणि तिच्याकडे बघून अगदी समंजसपणे म्हणाल्या, "बरं."

याच हाताचा तिला एकेकाळी केवढा ताठा होता. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात आली तेव्हा सासरचं सगळं घर मिठागरावर राबत होतं. पहिल्या हंगामात तिचे हातपाय फुटले. खारं पाणी भेगांत शिरायचं आणि ठणका असा, की जेवताना आमटीत बोट बुडवायची भीती वाटावी. दुसऱ्या हंगामात, कधी ते कळलंही नाही, पण ठणका थांबला. हात मेला, असं म्हणायचे तिकडे, आणि ते वाईट वाटून नव्हे, कौतुकानं म्हणायचे. सासूनं शेजारणीला ओट्यावर बोलावून सांगितलं होतं, "आमचे सुनेचा हात मेला गो, आता कामाची झाली ती." मालू दारामागून ऐकत होती आणि तिला इतका आनंद झाला होता, की तेवढा नवऱ्यानं हात धरला तेव्हाही झाला नसेल. त्यानंतर चुलीवरचं भाताचं टोप ती फडकं न घेता उतरवायची. तांदळाची भाकरी तव्यावर बोटांनीच उलटायची. गावात लग्न असलं की मोठी भांडी उतरवायला हमखास हाक यायची, कुठं गेली ती मालू, बोलवा तिला. बायका बघत उभ्या राहायच्या, नव्या पोरी डोळे मोठे करायच्या, आणि ही मुद्दाम जरा जास्त वेळ भांडं धरून ठेवायची. पुढं मिठागरं बंद पडली, बांध कुणी बघेना, नवरा गेला, लेक निकेश डोलवीला कंत्राटदाराकडे शिफ्टला लागला. हात मात्र मेले ते मेलेच राहिले. आणि कशाचाही गर्व करावा पण याचा करू नये, हे कळायला त्या मेलेल्या हातानं एका म्हातारीचा पाय भाजावा लागला.

खरं तर कळायला पाहिजे होतं दिवाळीतच. फराळाच्या वेळी सून भूमिका एकदम म्हणाली होती, "आई, तुमचा हात भाजला की गो, केवढा फोड आलाय!" मालूनं पाहिलं, करंगळीखाली चांगला सुपारीएवढा फोड. कधी आला, कशानं आला, पत्ता नाही. "जुना हाय तो," असं म्हणून तिनं पदर ओढला आणि सरळ विषय बदलला. भूमिका काही वाईट नाही. पण ती बघत राहिली होती, आणि ते बघणं मालूला आवडलं नव्हतं. माहेरी भूमिकाची आई आजारी पडली, तेव्हा तिच्याबद्दल बोलताना भूमिका अशीच बघायची, जणू समोर माणूस नसून पुढं कधीतरी करायचं एक काम आहे. त्या दिवसापासून मालू पहाटे सगळ्यांच्या आधी उठून डबा करायला लागली, गाडी यायच्या अर्धा तास आधी कासूच्या फलाटावर जाऊन उभी राहायला लागली. रोह्याला, गोदूबाईंच्या घरी, रोज जाणाऱ्या बाईला कुणी असं बघत नाही. रोज जाणारी बाई म्हणजे कामाची बाई.

तिनं गोदूबाईंचं अंग पुसलं, कोरडं पातळ नेसवलं, पलंगावर निजवलं आणि कपाटातलं भाजल्यावरचं मलम लावलं. मलम लावतानाही बोटांना काही लागेना, कातडी किती गरम आहे, किती ताणलीय, काही नाही. ती नुसती डोळ्यांनी लावत होती. प्रवीणकाका, गोदूबाईंचे चिरंजीव, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, बाराच्या आत येणार नव्हते. काका कसले, सहासष्ट वर्षांचे. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले, बायको करोनात गेली, एका डोळ्यानं दिसायचं जवळजवळ बंद झालंय, आणि आईला सांभाळताहेत. मालू त्यांना काका म्हणायची आणि ते तिला मालू, अगं मालू, असं करायचे; आणि वयानं ती त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी होती, ही गंमत त्या घरात फक्त तिला ठाऊक होती. आधार कार्डावर ती छप्पन्नची होती. ज्या साली गावच्या बांधाला मोठी खांड पडून दर्याचं पाणी भातशेतात शिरलं, त्या साली ती जन्मली, एवढंच तिच्या आईला माहीत होतं. कार्ड काढणाऱ्या माणसाला खांडीशी काय देणंघेणं? त्यानं तिच्या काळ्या केसांकडे पाहिलं आणि अंदाजानं एक साल ठोकून दिलं. तिलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. कामाला लावणाऱ्या बाईनं तर स्पष्टच सांगितलं होतं, साठीच्या वरची नको, म्हातारं माणूस उचलायचं तर अंगात ताकद हवी. ताकद होती. चाळीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिलेली मान आणि पाठ, गोदूबाईंना ती लेकरासारखी उचलायची. त्यामुळे आपण काही खोटं करतो आहोत असं तिला कधी वाटलंच नाही. वय म्हणजे कागदावरचं साल नव्हे, खांडीचंही साल नव्हे, जेवढं काम निघतं तेवढं वय, असा तिचा साधा हिशोब होता. आता त्याच हिशोबानं बघायचं तर आज तिचं वय काय झालं? ती पलंगाशेजारी स्टुलावर बसून राहिली. इमारतीत बारा घरं, आणि सकाळचे अकरा वाजले की बाराच्या बारा घरांतून एकाच तऱ्हेची शांतता. कुठं खोकला, कुठं चालताना टेकायच्या काठीचा आवाज, कुठं मोठ्यानं लावलेली बातम्यांची वाहिनी. तरुण सगळी पुण्याला, पनवेलला, कुणी परदेशात. म्हाताऱ्यांची चाकरी म्हातारीच करतात, त्यातल्या काही पगार घेऊन करतात एवढंच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना सांभाळायला येतो तो महिपती तर स्वतः जिन्यात दोनदा बसतो.

सांगायचं, असं तिनं ठरवलं. काका आले की दारातच सांगून टाकायचं, पाणी कढत होतं, मला कळलं नाही. मग ते विचारतील, कसं कळलं नाही? मग सांगावं लागेल, हाताला कळत नाही. मग कोण ठेवील तिला? उद्यापासून घरी. भूमिका बघेल तशी. पहाटे उठायचं कशाला, म्हणेल, निजा की आई; आणि ते प्रेमानं म्हणेल, तेच तर भयंकर. मालूला एकदम स्वतःचा पलंग दिसला, मागच्या पडवीतला, आणि त्यावर निजलेली ती, आणि कुणीतरी तिच्यावर तांब्या ओततंय, आणि तिला ओरडताही येत नाही कारण अंगाला कळतच नाही. गोदूबाई उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होत्या. "आजी," मालू म्हणाली, "दुखतंय का हो?" गोदूबाई म्हणाल्या, "बरं." त्यात हो होतं की नाही, की मला माहीत आहे तू काय केलंस असं होतं, काही कळायला मार्ग नव्हता.

काका आले, चप्पल काढली, हात धुतले आणि सवयीनं आईच्या पायथ्याशी जाऊन पांघरूण सारखं करायला लागले. त्यांच्या हाताला मलम लागलं. ते वाकले, चष्मा वर केला, अगदी नाक टेकेल इतकं जवळ जाऊन त्यांनी पाय पाहिला. फोड आता चांगला टरारला होता. मालूनं तोंड उघडलं होतं. शपथेवर, उघडलं होतं. पण त्याआधी तेच मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काटा मी फिरवला गं काल. गिझरचा. गारठा वाढलाय म्हणून जरासा वर केला म्हटलं. मला आकडे दिसतात कुठे? शेवटाला नेऊन ठेवला असणार मी." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "दिवाळीत दूध गॅसवर ठेवून झोपलो, आता हे. आईला भाजलं मी, मालू. माझ्या आईला." सहासष्ट वर्षांचा माणूस तोंडावर रुमाल धरून रडायला लागला, आणि मालू उघडलेलं तोंड मिटून उभी राहिली. तिनं त्यांना पाणी आणून दिलं. वर हेही म्हणाली, "असू दे काका, होतं असं." हे शब्द तोंडातून गेले तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली, पण गेले खरे. आपण सुटलो म्हणून जीव खाली पडला, आणि तो खाली पडलेला जीव तिला दिवसभर टोचत राहिला.

चार वाजता नातवाचा, आदर्शचा, व्हिडिओ फोन येतो. काकांनी ठरवलं होतं, त्याला काही बोलायचं नाही. का नाही, तेही त्यांनी भाजी निवडता निवडता मालूला सांगितलं. दिवाळीतल्या दुधानंतर आदर्शनं पुण्याजवळ दोघांसाठी वृद्धाश्रमाची एक जागा बघून ठेवली होती, मोठी, स्वच्छ, भिंतींना धरायला कठडे. फोटोही पाठवले होते. पुन्हा एकदा जरी काही झालं तरी मी तुमचं ऐकणार नाही, असं त्यानं बजावलं होतं. "जागा चांगली आहे गं, नाही म्हणत नाही मी," काका म्हणाले. "पण तिथे बायकांची इमारत वेगळी. मी इकडे, आई तिकडे. भेटायची वेळ ठरलेली. तिचं 'बरं' कुठलं कशाचं, ते तिथल्यांना कसं कळणार? मला कळतं. एवढं एकच मला अजून नीट कळतं." मालू शेंगांच्या शिरा काढत होती. तिला वाटलं, आत्ता. आत्ता सांगितलं तरी चालेल. मग वाटलं, फोनवर काही निघालं नाही तर कशाला? माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो!

निघालंच. फोन आला, काकांनी तो आईच्या तोंडासमोर धरला, आणि धरताना पांघरूण सरकलं, आणि त्यांच्या अधू डोळ्याला ते दिसलं नाही. "आजीच्या पायाला काय झालंय?" आदर्श म्हणाला. काकांना खोटं कधीच जमलं नाही. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, काटा, आकडे, पाणी. मग आदर्श अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, आता पुरे. मी रविवारी गाडी घेऊन येतो. दोघांचे कपडे भरून ठेवा." तो ओरडला असता तर काका भांडले असते. हे इतकं हळू, इतक्या काळजीनं आलं, की त्यांनी नुसती मान हलवली. आणि तेव्हा मालूनं त्यांच्या हातातून फोन ओढूनच घेतला. "दादा, पानी मी दिलं," ती म्हणाली. "मीच हात घालून बघितलं. मना कललंच नाय गरम हाय ते. यांचा काय गुन्हा नाय. माझे हाताला कलत नाय हो." आदर्श पडद्यावर किंचित हसला, थकलेलं, चांगल्या माणसाचं हसू. "मावशी," तो म्हणाला, "तुम्ही फार चांगल्या आहात. पण बाबांना पाठीशी घालू नका. तुम्ही होतात म्हणून इतके दिवस निभावलं, मला ठाऊक आहे." ती पुन्हा सांगायला गेली. तो म्हणाला, मीटिंग आहे, ठेवतो. आणि ठेवला.

काका तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कृतज्ञतेनं बघत होते. "माझ्यासाठी खोटं बोललीस गं," ते म्हणाले. त्यावर बोलून काही उपयोग नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, ते खळखळा उकळू दिलं, आणि सांडशी तशीच ओट्यावर ठेवून दोन्ही हातांनी ते भांडं उचललं, बाहेर आणलं आणि काकांच्या समोर धरून उभी राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. काकांना आधी कळेना ती काय करते आहे. मग त्यांनी हात पुढं केला, एक बोट भांड्याला लागलं आणि झटक्यानं मागं आलं. "अगं, ठेव! ठेव खाली!" ते ओरडले. तिनं अजून थोडा वेळ धरून ठेवलं. पूर्वी लग्नाघरी धरायची तसंच. फक्त तेव्हा बायका वाहवा म्हणायच्या. खाली ठेवलं तेव्हा तळव्यांचा वास येत होता. काकांनी तिचे दोन्ही हात ओढून डोळ्यांजवळ नेले आणि बराच वेळ बघितले. "वय काय तुझं?" त्यांनी विचारलं. "अडुसष्ट." ते तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "बसा, मालूताई." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते उठले आणि तिच्यासाठी कपात चहा त्यांनी गाळला, थोडा बशीत, थोडा ओट्यावर.

तिनं म्हटलं, आता दादाला फोन करा, तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. काका उठून न्हाणीघरात गेले. परत आल्यावर म्हणाले, "सांगेन. पण काटा मी फिरवला होता की नव्हता, हे मला कुणी सांगावं? तो आहे शेवटाला, मी आत्ताच जाऊन चाचपला. तुम्ही फिरवला नाहीत. म्हणजे मीच. तुमच्या हातांना कळलं नाही आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. त्याला काय सांगू? घरात एक धड माणूस नाही, हेच ना?" मालूला अजूनही वाटतं, की यावर काहीतरी उत्तर असायला हवं होतं. सकाळी अकराला, बाराला, भाजी निवडताना, कधीही बोलली असती तर तिचं एकटीचं काम गेलं असतं, दुसरी बाई आली असती, आणि आई आणि मुलगा एका छपराखाली राहिले असते. ती बोलली, पण तीन माणसांचं वाटोळं होईपर्यंत थांबून बोलली. गाडीची वेळ झाली तेव्हा काका म्हणाले, "रविवारपर्यंत याल ना?"

ती आली. शुक्रवारी सकाळी गिझरचा काटा तिनं बघितला, तिचे डोळे शाबूत होते. बादलीत हात काकांनी घातला. "जरा गार सोडा," ते म्हणाले. तिनं सोडलं. "अजून थोडं." मग ते दाराकडे पाठ करून उभे राहिले आणि तिनं गोदूबाईंना आंघोळ घातली, दुखरा पाय वर धरून. गोदूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. शनिवारीही तसंच. दोघांचं इतकं बेमालूम जमलं, की आंघोळ पंधरा मिनिटांत उरकली आणि काका दूध उतू जाताना वासावरून ओळखून गॅस बंद करून आले, आणि मालूच्या मनात आलं, हे असं आपण सहज पाच वर्षं रेटलं असतं. मग तिनं कपाट उघडलं आणि पातळं भरायला घेतली. बायकांच्या इमारतीसाठी एक पिशवी वेगळी केली.

रविवारी आदर्श साडेनवाला आला. आजीला त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवलं, बाबांचा हात धरून जिना उतरवला, कुठं काही चुकलं असं कुणाला म्हणता येणार नाही. निघताना तो मालूला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तुमचं काम बुडू देणार नाही मी. पहिल्या मजल्यावर सुरभी आलीय, माहेरी, बाळंतपणाला. बारा दिवसांचं बाळ आहे. तिला बाई हवी आहे, बाळाला आंघोळ घालायला, शेक द्यायला. मी तुमचंच नाव सांगितलंय. म्हटलं, हिच्यासारखी बाई मिळणार नाही." मालू नाय, नाय म्हणत राहिली. त्याला वाटलं, ती भिडेनं म्हणते आहे. गाडी सुरू झाली, मागच्या काचेतून काका कुठल्यातरी भलत्याच खांबाकडे बघून हात हलवत होते, आणि मग कोपऱ्यावर वळून ती गेली.

घरी जायचं म्हणजे भूमिकाला सांगायचं. मालू जिन्याशी उभी राहिली. मग एकेक पायरी चढून ती पहिल्या मजल्यावर गेली, काम मागायला नव्हे, सांगायला. या वेळी आधी सांगायचं, दारातच, एकही दिवस न थांबता. तिनं बेल दाबली. दार उघडलं एका तरुण मुलीनं, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, खांद्यावर कापडात गुंडाळलेलं एवढंसं तोंड. मालू घाईनं म्हणाली, "बाय, आधीच सांगते, मी अडुसष्ट वर्सांची हाय."

सुरभी हसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी पसरलं. "वाटत नाही हो मुळीच!" ती म्हणाली आणि बाजूला सरकून तिनं दार पूर्ण उघडलं. "या ना आत. मला मेलीला काही अंदाज येत नाही. पाणी काढून ठेवलंय, तुम्ही जरा हात घालून बघता का, फार कढत तर नाही ना?"